एका शेअरचा हक्क आणि लिलावाची नोटीस

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात माझे लहानसे वर्कशॉप आहे. आमच्या ओळखीच्या तिघाचौघांच्या घरांवर आणि गाळ्यांवर एका खासगी बँकेने ताबा नोटिसा चिकटवल्या आहेत. अमेरिकेत बँकांच्या घरजप्तीविरुद्ध कार्यकर्ते शेअर विकत घेऊन थेट भागधारकांच्या सभेत गेले होते, असे वाचनात आले. आपणही प्रत्येकी एक शेअर घेऊन या बँकेच्या वार्षिक सभेत जाब विचारावा, असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे आहे. त्याने लिलाव थांबेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लिलाव थांबणार नाही. तरीही आपल्या मित्रांची कल्पना टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. फक्त तिच्याकडून काय मागायचे आणि काय मागायचे नाही, हे आधी ठरवले पाहिजे.

आपण वाचले ते प्रकरण बहुधा २०१२ सालचे असावे. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेत लाखो कुटुंबांची घरे बँकांनी ताब्यात घेतली, आणि बँकांचे कर्मचारी कागद न वाचताच हजारो प्रतिज्ञापत्रांवर सह्या ठोकत होते, हे २०१० मध्ये उघडकीस आले. पुढे २४ एप्रिल २०१२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत वेल्स फार्गो बँकेची आणि ९ मे रोजी शार्लट येथे बँक ऑफ अमेरिकेची वार्षिक सभा झाली. दोन्ही ठिकाणी बाहेर मोर्चे होते, आणि शेअर घेतलेले काही कार्यकर्ते आत जाऊन घरजप्तीबद्दल प्रश्न विचारत होते. ही युक्ती तेव्हाही नवी नव्हती. १९६७ मध्ये अमेरिकेतल्याच रॉचेस्टर शहरातील कृष्णवर्णीयांच्या रोजगाराच्या मागणीसाठी लोकसंघटक सॉल अलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चर्चसंस्थांकडील शेअरांवर मत देण्याची मुखत्यारपत्रे गोळा करून कोडॅक कंपनीची सभा गाजवली होती.

या गाजावाजापेक्षा मला त्याआधीच्या वर्षी शांतपणे झालेले काम अधिक मोलाचे वाटते. २०११ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या कर्मचारी पेन्शन फंडांनी मोठ्या बँकांच्या सभांपुढे असा ठराव ठेवला, की कर्जफेडीची पुनर्रचना आणि घरजप्ती यांच्या अंतर्गत तपासणीचा अहवाल संचालक मंडळाने भागधारकांना द्यावा. ठराव मंजूर झाले नाहीत. पण घोषणा देणाऱ्यांना जसे दारातून परत पाठवता येते, तसे पेन्शन फंडांना पाठवता येत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच बड्या बँकांना केंद्र सरकार आणि ४९ राज्यांशी २५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. ती झाली राज्यांच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीमुळे, आणि वर सांगितलेल्या एप्रिल-मेमधील सभांच्या आधी. सभांमुळे ती झाली असे कोणी सांगू लागले, तर विश्वास ठेवू नका.

आता आपल्याकडचे पाहू. तेव्हाच्या अमेरिकी नियमाप्रमाणे दोन हजार डॉलरचे शेअर वर्षभर बाळगणारा भागधारक सभेपुढे ठराव ठेवू शकत असे. आपल्या कंपनी कायद्यात, म्हणजे २०१३ च्या कायद्यात, सभासदांचा ठराव कंपनीला सभेआधी सगळ्या भागधारकांकडे पाठवायला लावण्यासाठी एकूण मताधिकाराच्या एक दशांश मते पाठीशी लागतात. मोठ्या खासगी बँकेत ती जमवणे आपल्या कोणाच्याही आवाक्यातले नाही. म्हणून ठरावाचा नाद सोडावा. हजर राहण्याचा आणि मत देण्याचा हक्क मात्र एका शेअरवरही मिळतो, आणि अहवाल व हिशेबांवर प्रश्नही विचारता येतो. शेअर ज्याच्या डीमॅट खात्यावर आहे त्यानेच बोलावे. प्रतिनिधी नेमला, तर त्याला सभेत बोलण्याचा अधिकार कायद्यानेच नाकारला आहे.

शिवाय २०२० पासून अनेक मोठ्या बँकांच्या सभा व्हिडिओवर होतात. वक्ता म्हणून नाव काही दिवस आधी ईमेलने नोंदवावे लागते. त्याची मुदत सभेच्या नोटिशीत बारीक टायपात असते. आपला क्रमांक येतो, संचालक म्हणतात, ‘कृपया थोडक्यात’, दोन-तीन मिनिटांत माइक बंद होतो आणि बहुतेक प्रश्नांची उत्तरे शेवटी एकत्रच दिली जातात. या दोन मिनिटांत ‘आमच्या मित्रावर अन्याय झाला’ असे सांगितले, तर ‘शाखेशी संपर्क साधा’ हे ठरलेले उत्तर मिळेल. त्याऐवजी धोरणाचा आकडा मागा. वर्षभरात राहत्या घरांवर किती ताबे घेतले? थकबाकी भरण्यासाठी साठ दिवस देणाऱ्या नोटिशीवर कर्जदारांनी घेतलेल्या हरकतींपैकी किती मान्य झाल्या? लिलावाची राखीव, म्हणजे किमान, किंमत ठरवणारे मूल्यांकनकार बँक कसे निवडते? तडजोडीने वसुलीचे संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण असलेच पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकात सांगितले आहे. त्या धोरणाखाली लहान कर्जदारांची किती प्रकरणे मिटली? हेच प्रश्न सभेआधी कंपनी सेक्रेटरीला लेखी पाठवून पोच घ्या. सात-आठ भागधारकांनी एकेक प्रश्न वाटून घेतला, तर दोन मिनिटांची अडचण निम्मी सुटते.

आपल्या मित्रांच्या घरांची वेळ मात्र सभेच्या तारखेवर चालत नाही. थकलेल्या कर्जाचे तारण कोर्टात न जाता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यात कलम १३(२) ची नोटीस आल्यावर थकबाकी भरायला साठ दिवस मिळतात. त्या काळात लेखी हरकत घेतली, तर बँकेने पंधरा दिवसांत सकारण उत्तर दिले पाहिजे. ताब्याची कारवाई झाली, की कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागण्यास पंचेचाळीस दिवस असतात, आणि कोल्हापूरकरांना त्यासाठी पुणे गाठावे लागते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळी थकबाकी भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. आपल्या मित्रांच्या दारावर ताबा नोटीस लागली आहे, म्हणजे पंचेचाळीस दिवस मोजणे सुरू झाले आहे. शेअर नंतर घ्या, वकील आज गाठा.

प्रश्न : मिस्टरांनी यंत्रमागासाठी सहकारी बँकेकडून कर्ज घेतले, घर माझ्या नावावर असून मी जामीनदार आहे. आता बँक जप्तीची भाषा करते. सप्टेंबरात बँकेची सभा आहे. मला तिथे बोलता येईल का, आणि सहकारी बँकेला हा सरफेसी कायदा लागू होतो का? – एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने देशाला दिले आहे. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी निर्णय दिला, की सहकारी बँकांनाही सरफेसी लागू होतो. शेतजमिनीचे तारण मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. याशिवाय राज्याच्या सहकार कायद्यातील कलम १०१ चा वसुली दाखला आणि कलम १५६ ची जप्ती हा जुना मार्ग बँकेकडे आहेच, आणि तो शेतजमिनीवरही चालतो. त्यामुळे नोटीस नेमक्या कोणत्या कलमाखाली आली आहे, हे आधी पाहावे. दोन्हींच्या मुदती आणि दाद मागण्याच्या जागा निराळ्या आहेत.

सभेत बोलण्याबाबत पासबुकासोबतचा शेअर दाखला काढून बघा. पुष्कळ कर्जदारांना आणि जामीनदारांना ‘नाममात्र सभासद’ करून घेतलेले असते, आणि नाममात्र सभासदाला मत नसते. आपण पूर्ण सभासद असाल, तर मुंबईच्या बँकेचे हजार शेअर असलेल्यापेक्षाही आपण बलवान आहात, कारण सहकारात एका सभासदाला एक मत असते. शंभर शेअरवाल्यालाही एकच. राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या बँकेत एक पंचमांश सभासदांनी, किंवा उपविधीत, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या नियमावलीत, सांगितलेल्या संख्येने, लेखी मागणी केली, तर महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. कलम ३२ प्रमाणे कार्यालयीन वेळेत सर्वसाधारण सभेची आणि संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्ते आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराची पाने विनाशुल्क पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. बँक बहुराज्य असेल, तर कायदा वेगळा. उपविधी मागून घ्या.

हे सारे असूनही आपल्या भागातल्या सभा कशा होतात, ते मी सांगायला नको. अहवाल वाचला असे समजून ‘मंजूर, मंजूर’ होते, विरोधक ‘नामंजूर’ ओरडतात, माइकची ओढाताण होते आणि राष्ट्रगीत सुरू होते. यात कर्जदाराचा प्रश्न बुडतो, आणि दोन्ही गटांना त्याची फारशी फिकीर नसते, असे माझे मत आहे. अमेरिकेतल्या लोकांना जो हक्क शेअर विकत घेऊन मिळवावा लागला, तो इथे हजारो सभासदांच्या पेटीत पडून आहे. आपण प्रश्न आठ-दहा दिवस आधी लेखी द्या, पोच घ्या, आणि सभेत तोच प्रश्न वाचून ‘इतिवृत्तात नोंद घ्यावी’ एवढे म्हणा. पुढे इतिवृत्त पाहायला जा. नोंद नसेल, तर पोचेच्या प्रतीसह जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

प्रश्न : सभेच्या दारात फलक घेऊन उभे राहिलो, तर गुन्हा दाखल होईल का? – एक कार्यकर्ता, गांधीनगर

उत्तर : आपल्या जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली बंदी आदेश वरचेवर लागू असतात, आणि ते मोडून पाच किंवा अधिक जण जमले, तर गुन्हा होऊ शकतो. म्हणून पोलीस ठाण्यात आधी अर्ज देऊन परवानगी घ्यावी. सभागृहाच्या आत अध्यक्षांच्या परवानगीने बोलावे. घोषणा सुरू झाल्या, की सभा गुंडाळण्याचे कारण संचालकांना मिळते आणि अनेकदा त्यांना तेच हवे असते. फलक बाहेरच ठेवून आत फक्त प्रश्नाचा कागद न्यावा, त्याच्या दोन प्रती असाव्यात, आणि सभासदत्वाचा पुरावा व ओळखपत्र खिशात असावे.