परदेशात कार्ड वापरताना आणि एटीएममधून पैसे काढताना कापले जाणारे पैसे कसे वाचवायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: पुढच्या महिन्यात आईवडिलांना घेऊन तीन आठवडे परदेशी निघालात, जवळ एक डेबिट आणि एक क्रेडिट कार्ड आहे, आणि शुल्कांबद्दल इतकं उलटसुलट वाचलंत की सगळे पैसे रोखीनेच न्यावेत असं वाटायला लागलंय. शिवाय शेवटच्या दिवशी उरलेल्या नोटांचं काय करायचं, हेही विचारलंय.

तसं करू नका. एवढी रोकड अंगावर घेऊन फिरणं हीच मोठी जोखीम आहे, आणि त्यात पैसे वाचतीलच असंही नाही. कार्डच वापरा. फक्त एक गोष्ट आधी पक्की ठरवून ठेवा, कारण सगळ्यात मोठी चाट तिथे बसते आणि ती पूर्णपणे टाळता येते. मशीनने "तुमच्या देशाच्या चलनात हिशेब करून देऊ का?" असं विचारलं, की नाही म्हणायचं. दर वेळी, प्रत्येक देशात.

हे मी पैसे घालवून शिकले. रात्री साडेअकराला ट्रेनमधून उतरले होते, टॅक्सीसाठी रोख हवी होती आणि स्टेशनच्या दाराशीच एक एटीएम दिसलं. २०० युरो मागितले, पिन टाकला. पडदा बदलला आणि माझ्या चलनातली रक्कम ठळक अक्षरांत समोर आली, शेजारी "हमखास दर" अशा अर्थाचं काहीतरी. एका बाजूला मोठं हिरवं बटण, "स्वीकारा". दुसऱ्या बाजूला राखाडी रंगात, बारीक अक्षरांत, "रूपांतर नाकारा". माझ्यामागे दोन माणसं उभी होती. नाकारलं तर व्यवहारच रद्द होईल, पैसे मिळणारच नाहीत, असं वाटलं आणि मी हिरवं दाबलं. घरी आल्यावर स्टेटमेंट त्या दिवसाच्या दराशी ताडून पाहिलं, तर २०० युरोंवर जवळजवळ २४ युरो जास्त गेले होते. त्याच सहलीत दुसऱ्या एका मशीनवर "नाकारा" दाबून तेवढेच पैसे काढले होते, त्यावर जास्तीचे गेले ७.

म्हणजे "नाकारा" दाबल्याने पैसे अडत नाहीत. नाकारायचं असतं ते फक्त मशीनने केलेलं रूपांतर. व्यवहार स्थानिक चलनात पुढे जातो, नोटा मिळतात, आणि चलनाचा हिशेब व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने तुमच्या बँकेकडे होतो. तो दर बाजारातल्या मधल्या दराच्या, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या दरांमधल्या आकड्याच्या, बराच जवळ असतो. ही एवढी एक गोष्ट निघण्याआधी आईवडिलांनाही समजावून सांगा, शक्य असेल तर त्या पडद्याचं चित्र कागदावर काढून. वयस्कर माणसं ओळखीच्या चलनातला आकडा पाहिला की निश्चिंत होतात, आणि त्या बटणाची सगळी मांडणी त्याच भरवशावर केलेली असते. याचा मला खरंच राग येतो.

या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी. मशीन चालवणारी कंपनी स्वतःचा दर लावते आणि त्यात स्वतःचा फायदा धरते. दुकानातल्या कार्ड मशीनवर हे झालं तर त्या फायद्यातला वाटा बहुधा दुकानदारालाही मिळतो. म्हणूनच काही ठिकाणी काउंटरवरचा माणूस तुम्हाला न विचारता बटण दाबून मोकळा होतो. एका हॉटेलात माझ्याबाबतीत असंच झालं. मशीन माझ्या हातात आलं तेव्हा पिन टाकणं तेवढं उरलं होतं, आणि पावतीवर एकूण रक्कम माझ्या देशाच्या चलनात होती. मी तिथेच थांबले, "स्थानिक चलनात हवं होतं" म्हटलं आणि व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावला. दोन मिनिटं गेली, बाकी काही अडलं नाही. निवड करण्याचा हक्क कार्डधारकाचा आहे, असं व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही नियमांत आहे, त्यामुळे संकोच नको. सोपी सवय अशी की कार्ड टेकवण्याआधी पडद्यावर रकमेशेजारची चलनाची तीन अक्षरं (EUR, THB, JPY अशी) वाचायची. युरो चालणाऱ्या देशांत युरोचीच अक्षरं हवीत, थायलंडमध्ये बाटची, जपानमध्ये येनची. तुमच्या देशाची दिसली तर हात मागे घ्या.

युरोपीय संघात १९ एप्रिल २०२० पासून असा नियम आहे की, रूपांतराचा देकार देताना आपला दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्क्यांनी महाग आहे हे मशीनने दाखवायचं. नियम संघातल्या चलनांपुरता आहे, पण पुष्कळ मशीन बाहेरच्या कार्डांनाही तो आकडा दाखवतात. दिसला तर जरूर वाचा. एकदा दोन आकडी टक्केवारी डोळ्यांनी पाहिली की पुन्हा चूक होत नाही.

यात आणखी एक खाच आहे. काही बँका व्यवहार तुमच्याच चलनात झाला तरी, दुकानदार परदेशातला आहे म्हणून स्वतःचं शुल्क लावतातच. म्हणजे डीसीसी स्वीकारली तर दोन्हीकडून कात्री. घरबसल्या परदेशी विमान कंपनीचं किंवा हॉटेलचं बुकिंग करतानाही हेच लागू होतं. रक्कम तुमच्या चलनात दिसते म्हणून शुल्क नाही, असं समजू नका.

आता उरलेली शुल्कं. ती समजायला सोपी आहेत, एकदा कोण कापतंय ते कळलं की. तुमची बँक दोन प्रकारे कापते. परकीय चलनाच्या प्रत्येक व्यवहारावर मार्कअप, म्हणजे बँकेने रकमेवर लावलेली टक्केवारीतली भर, साधारण १ ते ३.५ टक्के, आणि एटीएममधून पैसे काढलेत तर दर वेळी एक ठरावीक रक्कम वेगळी. शिवाय ज्या बँकेचं एटीएम आहे ती स्वतःचं शुल्क घेऊ शकते. हे तुमच्या बँकेच्या हातात नसतं, त्यामुळे "आमच्या कार्डावर परदेशात शून्य शुल्क" अशी जाहिरात वाचलीत तरी मशीनवाल्याचं शुल्क लागू शकतं, हे धरून चला.

थायलंडचं उदाहरण घ्या. तिथली बहुतेक एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहून थोडे जास्त लावतात, तुम्ही कितीही काढा. २,००० बाट काढलेत तर ११ टक्के गेले. २०,००० काढलेत तर १.१ टक्के. हातात तेच कार्ड, समोर तेच मशीन. म्हणून ठरावीक शुल्क असलेल्या देशात थोडे थोडे पैसे काढत बसू नका. आठवड्याची रोख किती लागेल याचा अंदाज बांधा आणि एकदाच काढा. त्यासाठी तुमच्या कार्डाची रोजची मर्यादा आधी तपासून घ्या, नाहीतर मोठी रक्कम मागताच व्यवहार नाकारला जाईल. काही बँका असा नाकारलेला व्यवहार आणि परदेशी मशीनवर केलेली शिल्लक चौकशी, या दोन्हींचंही शुल्क घेतात. शिल्लक पाहायची असेल तर ॲपमध्ये पाहा.

प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. पोर्तुगालमध्ये मल्टिबांको नावाचं बँकांचं सामायिक जाळं आहे, त्याची एटीएम शुल्क घेत नाहीत. पण पर्यटकांच्या गर्दीत, दुकानांच्या भिंतींत बसवलेली वेगळ्या रंगांची खासगी मशीनही दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. अमेरिकेत मशीनचं शुल्क पैसे देण्याआधी पडद्यावर दाखवावंच लागतं, आणि तिथे मागे फिरलात तर ते लागत नाही. जपानमध्ये अडचण शुल्कापेक्षा कार्ड न चालण्याची. तिथल्या अनेक बँकांची मशीन परदेशी कार्ड घेत नाहीत, पण सेव्हन बँकेची आणि टपाल कार्यालयातली घेतात. स्वीडनमध्ये तर बऱ्याच दुकानांत रोख घेतच नाहीत, तिथे पैसे काढायचं कारणच क्वचित पडेल. तुम्ही कोणत्या देशांत जाणार ते लिहिलेलं नाही, पण प्रत्येक देशासाठी एवढंच शोधून ठेवा: रोख किती लागते, आणि कोणत्या बँकेचं एटीएम शुल्क घेत नाही.

मशीन निवडताना बँकेच्या शाखेला लागून असलेलं निवडा, शाखा उघडी असताना. शुल्क कमी असण्याची शक्यता जास्त, आणि कार्ड आत अडकलं तर दार वाजवायला कोणीतरी असतं.

क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. अगदी अडल्या वेळेशिवाय नाहीच. दुकानातल्या खरेदीला मिळते तशी बिनव्याजी मुदत रोखीला नसते. पैसे हातात पडले त्या दिवसापासून व्याज सुरू होतं, वर काढलेल्या रकमेवर काही टक्के शुल्क आणि त्यावर पुन्हा मार्कअप. तुमच्याजवळ दोन कार्डं आहेत, तर कामं वाटून द्या. खरेदी आणि हॉटेल क्रेडिट कार्डावर, रोख डेबिट कार्डावर. हॉटेलं आणि भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्या अनामत म्हणून मोठी रक्कम अडवून ठेवतात. ती क्रेडिट कार्डावर अडकलेली परवडते. डेबिट कार्डावर असेल तर खात्यातले खरे पैसे अडकतात, आणि सुटायला कधीकधी बरेच दिवस लागतात.

निघायला महिना आहे, म्हणजे नवं कार्ड घ्यायला वेळ आहे. बँकेला नेमके हे प्रश्न विचारा: परकीय चलनावर मार्कअप किती, परदेशी एटीएमवर दर वेळचं शुल्क किती, आणि महिन्याला किती वेळा किंवा किती रकमेपर्यंत ते माफ. उत्तर तोंडी नको, शुल्कपत्रकाचं पान मागा. शून्य मार्कअपची कार्डं मिळतात आणि तीन आठवड्यांच्या प्रवासात त्यांचा फायदा ठळक जाणवतो. ॲपवर चालणारी काही कार्डं मात्र शनिवार-रविवारी बाजार बंद असताना दरात भर घालतात, तेवढं वाचून घ्या. परकीय चलन भरून ठेवायचं प्रीपेड कार्डही चांगलं आहे, पण ज्या चलनात भरलंय तिथेच. डॉलर भरून युरोत खर्च केलात तर चलनबदलाचं वेगळं शुल्क लागतं. भरण्याचं, उरलेले पैसे परत घेण्याचं, वापर न केल्याचं, अशी बारीक शुल्कंही असतात. तुम्ही एकाहून जास्त देशांत जाणार असाल तर मी शून्य मार्कअपचं साधं डेबिट कार्डच निवडेन.

पिन चार आकडी आहे ना, तेही पाहा. काही देशांतली जुनी मशीन सहा आकडी पिन घेत नाहीत. आणि दोन कार्डं दोन वेगळ्या पाकिटांत ठेवा, एक तुमच्याकडे, एक वडिलांकडे.

विमानतळावर पैसे बदलून घ्यावेत का? अगदी पहिल्या बसपुरते, फार तर. "कमिशन नाही" या पाटीकडे दुर्लक्ष करा आणि फलकावरचे दोन आकडे वाचा, ते किती देऊन विकत घेतात आणि किती घेऊन विकतात. समजा एका युरोला घेताना ०.९८ डॉलर आणि विकताना १.२२ डॉलर लिहिलंय. मधला आकडा १.१०. म्हणजे तुम्ही कोणत्याही बाजूने गेलात तरी जवळजवळ ११ टक्के गेले, कमिशनचा शब्द न उच्चारता. हा हिशेब फोनवर अर्ध्या मिनिटात होतो. तिथल्याच एटीएममधून, रूपांतर नाकारून, थोडे पैसे काढलेत तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

परत केलेल्या वस्तूचे किंवा रद्द केलेल्या बुकिंगचे पैसे परताव्याच्या दिवशीच्या दराने परत येतात, खरेदीच्या दिवशीच्या नाही, आणि कापलेला मार्कअप बहुधा परत मिळत नाही. म्हणून "घेऊन ठेवू, नको असेल तर रद्द करू" हे परकीय चलनात महाग पडू शकतं.

रोज रात्री ॲपमध्ये दिवसभराचे व्यवहार बघा आणि पावत्या एका पाकिटात जपा. मशीनमधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, किंवा न विचारता डीसीसी लावली, तर बँकेकडे तक्रार करताना ती पावतीच कामाला येते. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळावर त्या त्या तारखेचा दर बघता येतो आणि बँकेचा मार्कअप टाकून हिशेबही करता येतो. तो आकडा तक्रारीसोबत जोडा.

शेवटच्या दिवशी उरलेल्या नोटांचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. त्या परत बदलायला गेलात तर पुन्हा तोच दोन आकड्यांचा फलक, आणि नाणी तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. हॉटेल सोडताना सगळी चिल्लर आणि नोटा काउंटरवर ठेवून बिलाचा तेवढा भाग रोख भरा, बाकीचं कार्डावर घ्यायला सांगा. बरीच हॉटेलं याला तयार असतात. आणि उरलेल्या रकमेसाठी मशीन पुढे केलं की आधी ती तीन अक्षरं वाचा.