कोषातून पतंग बाहेर आला की हात लावू नकोस

तुझ्या तगरीवरची ती मोठी हिरवी अळी, पुढे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके आणि मागे शिंगासारखं शेपूट, म्हणजे कण्हेरीवरच्या हॉकमॉथचीच (हा एक मोठा पतंग). पुण्यात सोसायट्यांच्या बागेत पावसाळ्यात हमखास सापडते. तू डब्यात ठेवलेल्या त्या अळीचा आता कोष झालाय ना, मग डबा आजच बदल. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पतंगाला चढता येत नाही, आणि सगळं तिथेच बिघडतं. खाली ओलसर माती, बाजूला खरबरीत काडी किंवा जाळीचं कापड, आणि पंख लटकायला मोकळी जागा हवीच हवी.

बाहेर येतो तेव्हा पंख नखाएवढे, ओले, चुरगळलेले असतात, बघून घाबरू नकोस, ते तसंच असतं. तो आधी वर चढतो, लटकतो, मग अंगातलं द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलतो आणि पंख हळूहळू उलगडत जातात, नीट बघितलंस तर सुरकुत्या सरकताना दिसतात, मला तर अजूनही हेच सगळ्यात भारी वाटतं. मग थोडा वेळ फुलपाखरासारखे पाठीवर उभे धरतो आणि नंतर खाली पसरवतो. आकार साधारण अर्ध्या तासात येतो पण कडक व्हायला काही तास लागतात. तोवर डबा हलवू नकोस, पंख वाकडे वाळले तर कायमचे. पडलाच तर बोटाने उचलायचं नाही, काडी पायांपाशी धर, तो स्वतः पकडेल.

गढूळ थेंब सांडले तर ते रक्त नाही, कोषात साठलेला मळ असतो. मुंग्या आणि पालींवर मात्र लक्ष ठेव. सोडायचं अंधार पडल्यावर, गॅलरीतला दिवा बंद करून.