आफ्रिकेतला सर्वांत यशस्वी अरब फुटबॉल क्लब कोणता आणि तो एवढा पुढे कसा गेला?

कैरोचा अल अहली: २०२४ पर्यंत आफ्रिकन चॅम्पियन्स लीगची १२ विजेतेपदं, तर त्याच शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्धी झमालेककडे ५. पाया जुना आहे. ब्रिटिश अंमलात, १९०७ साली इजिप्शियन विद्यार्थ्यांना एकत्र येण्यासाठी क्लब निघाला, त्यामुळे चाहता वर्ग देशभर पसरला. १९४८-४९ ला राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि पूर्ण झालेल्या पहिल्या नऊही लीग अहलीनेच मारल्या. आफ्रिकेतली खरी झेप पोर्तुगीज प्रशिक्षक मानुएल जोझे यांची: २००१, २००५, २००६, २००८ ची विजेतेपदं. यातली २००६ची फायनल जरूर बघा. दोन सामन्यांच्या या फायनलमध्ये घरी १-१ झाल्यावर ट्युनिशियात तिथल्या सफाक्सियन क्लबविरुद्ध गोल हवाच होता, नाहीतर बाहेरच्या गोलच्या नियमाने (बरोबरी झाली तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा जिंकतो) कप गेला असता. अहलीच्या अबूत्रिकाने तो भरपाई वेळेत डाव्या पायाने मारला. आणि २०१२चं विजेतेपद तर माझ्या मते सर्वांत मोठं: फेब्रुवारीत इजिप्तमधल्याच पोर्ट सैद शहराच्या स्टेडियममध्ये ७० हून अधिक माणसांचा जीव गेला, त्यात बहुतेक अहलीचे चाहते, देशातली लीग बंद पडली, तरी नोव्हेंबरात संघाने ट्युनिसमध्ये जाऊन तिथल्या एस्पेरान्स क्लबला २-१ हरवलं.

मात्र ‘संपूर्ण अरब जगात’ असं विचाराल तर रियाधचा अल हिलालही बघावा लागेल. तो आशियात खेळतो, तिथे ४ वेळा विजेता आहे. दोन खंडांच्या स्पर्धांची थेट बरोबरी लावता येत नाही.