पितृपक्ष आणि कलम ६४ चे पंधरा दिवस

"सॉफ्टवेअर फुकट होतं, मग गुन्हा कसला?" हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. या वेळी विचारणारे तालुक्याच्या गावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतात. गिऱ्हाईक डीव्हीडी आणतं, हे हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर तिची एमपीफोर फाईल करून मेमरी कार्डात भरून देतात, नगाला तीस रुपये. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी कॉम्प्युटर उचलून नेला. त्यात सिनेमे आहेत आणि लोकांची लग्नंही.

हँडब्रेकचं लायसन्स हँडब्रेकपुरतं, सिनेमापुरतं नाही. यावर आणखी शाई खर्च करत नाही. मला तुमच्या पत्रातलं दुसरंच वाक्य टोचलं : "सध्या पितृपक्ष आहे, घट बसले की वकील गाठतो."

अहो, घट बसतील तेव्हा तुमची मुदत संपलेली असेल, नाहीतर शेवटच्या दिवसाच्या संध्याकाळवर आलेली असेल. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ६४, पोटकलम २ : जप्त प्रतींमध्ये किंवा 'प्लेट'मध्ये (म्हणजे प्रती काढण्याच्या साधनात) ज्याचा हितसंबंध आहे, त्याने जप्तीपासून पंधरा दिवसांच्या आत त्या परत मिळाव्यात म्हणून दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. कॉम्प्युटर ही प्लेट कशी, असं विचाराल. १९८४ च्या दुरुस्तीत त्या व्याख्येत नकला काढण्याची उपकरणंही आली. म्हणजे सरकारी वकील तो प्लेट म्हणूनच धरतील, आणि अर्जापुरतं ते आपल्याही सोयीचं आहे.

पत्र मला मिळालं तेव्हा अकरावा दिवस होता. पंचनाम्यावर न वाचता सही केलीत, प्रत घेतली नाहीत, आणि अकरा दिवस 'साहेब ओळखीचे आहेत' यावर काढलेत. साहेब ओळखीचे असल्याने तारीख थांबत नाही.

अर्जात सगळंच परत मागू नका. सिनेमांवर हट्ट धरलात तर लग्नंही अडकतील. पैसे देऊन स्वतःसाठी काढून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७ नुसार ते काढून घेणारा असतो. म्हणजे तुमची गिऱ्हाइकं. त्यांचाही हितसंबंध आहे, त्यांनाही अर्ज करता येईल. चार-पाच जणांची लेखी निवेदनं जोडा. (लग्नाच्या व्हिडिओला मागे सिनेमाची गाणी चिकटवलेली असतात, तो वेगळा गुंता आहे. तुम्ही होऊन त्याचा विषय काढू नका.)

मुदत चुकलीच तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ५०३ खाली कॉम्प्युटर परत मागता येईल. जप्त वस्तू ठाण्यात पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त सडवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलं आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे मुद्देमालाच्या खोलीत उंदीर लॅपटॉपच्या वायरी कुरतडत असतात. म्हणून त्या वाटेवर विसंबू नका.

सिनेमांचं काय होईल ते आज सांगता येणार नाही. खाजगी वापराची सवलत कलम ५२ मध्ये आहे, पण तीस रुपये घेतल्यावर ती कितपत टिकेल याची मला शंका आहे. डीव्हीडीचं कुलूप, म्हणजे नक्कल अडवणारी तांत्रिक सोय, तोडणारी फाईल तुम्ही वेगळी आणून बसवली होती का, तेही पत्रात नाही. बसवली असेल तर कलम ६५अ निघेल. दुसऱ्याला कुलूप तोडायला मदत करणाऱ्याने त्या दुसऱ्याचं नाव, पत्ता आणि कारण लिहून ठेवावं, असं तिथे म्हटलं आहे. अशी वही तुमच्याकडे नसणारच.

अटकेची भीती मात्र खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निट प्रो निकालाने कलम ६३ चा, म्हणजे कॉपीराइट भंगाचा, गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र ठरवला. अटकपूर्व जामिनाचा अर्ज याच आठवड्यात तयार ठेवा.

आणि उद्या सकाळी दुकान उघडण्याआधी ठाण्यात जाऊन पंचनाम्याची प्रत लेखी मागा. पोच घ्या, तिच्यावर तारीख घालून घ्या.