वळणाची भीती: आधी नजर सुधार

भावा, साताऱ्याहून कासला जाणाऱ्या यवतेश्वर घाटात बाईकवर वळण आलं की हात आखडतात म्हणतोस ना? तू पुढच्या चाकासमोरची खडी बघतोस, म्हणून गाडीही तिकडंच जाते. वळण जिथं संपतं तिकडं हनुवटी वळव. मीही नवीन असताना कठड्याकडं बघत बघत गाडी कठड्यालाच घासली होती. क्रॅश गार्ड वाकला, आणि घरी थाप मारली की पार्किंगमध्ये पडली.

ब्रेक, गिअर वळणाआधीच आटप. वेग ३० चा ४० झाला तर त्याच वळणाला टायरची पकड जवळपास पावणेदोनपट लागते. मधेच दचकून पुढचा ब्रेक दाबलास तर कललेली गाडी ताठ होऊन सरळ निघते. वळणात शिरल्यावर थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) स्थिर, कोपर सैल, गुडघे टाकीला. डावीकडं वळायचं तर डावं हँडल हलकंच पुढं ढकल. उलटं वाटेल, पण आधी मोकळ्या रस्त्यावर करून बघ.

कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवार नकोच. मंगळवारी सकाळी जा, तीच चार वळणं वरखाली कर. उतरताना गाडी गिअरमध्येच ठेव. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे शहाणे आपल्याकडं कमी नाहीत. आणि उजव्या आंधळ्या वळणावर मधल्या पट्टीला चिकटू नकोस, समोरून येणारी मोठी गाडी पट्टी ओलांडतेच.