निसर्गात, निसर्गावरून की निसर्गाद्वारे?

प्रश्न असा आला आहे: चर्चच्या एका पत्रकात ‘निसर्गाद्वारे देवाचे दर्शन’ असे छापले होते. ‘निसर्गात देवाचे दर्शन’ हे जास्त बरोबर नाही का? आणि ‘दर्शन’ हा शब्द ख्रिस्ती लिखाणात चालतो का?

आधी त्या ‘द्वारे’चे बघू. मंडळी बसद्वारे येतात, चोर पोलिसांद्वारे पकडला जातो, उद्या आमटी चमच्याद्वारे ढवळतील! हे हिंदीचे उसने आहे. मराठीत मंडळी बसने येतात आणि चोराला पोलीस पकडतात.

‘निसर्गात’ व्याकरणाने चूक नाही. पण ख्रिस्ती शिकवणीत कर्ता वेगळा नि कृती वेगळी. कृतीवरून कर्ता ओळखायचा, कृतीलाच देव मानायचे नाही. डब्यातल्या आमटीचा पहिला घास घेतला की ‘आज आईने केलेली नाही’ हे कळते, ते चवीवरून. आमटीत कुणी आई शोधत नाही. बायबलातल्या रोमकरांस पत्रात (१:२०) संत पौल हेच म्हणतो, आणि मराठी बायबलात तिथे ‘निर्मिलेल्या पदार्थांवरून’ असा चोख शब्द आहे. पत्रक लिहिणाऱ्याने तेवढे उघडून पाहिले असते तर काम भागले असते.

लॅटिन बायबलात त्याच जागी ‘पेर’ (per) हे छोटेसे अव्यय आहे, आणि खरी गंमत या पेरची. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२५च्या सुमारास इटलीतल्या आपल्या उंब्रिया प्रांताच्या बोलीत सृष्टीचे स्तोत्र रचले. त्यात ‘माझ्या प्रभो, तुझी स्तुती असो’ असे म्हणून पुढे येते ‘पेर बहीण चंद्र’. (आपला चांदोमामा तिकडे बहीण आहे, कारण इटालियनमध्ये चंद्र स्त्रीलिंगी.) आता हा पेर म्हणजे चंद्राबद्दल, चंद्राकडून की चंद्रामार्फत? यावर अभ्यासकांचे वाद झडले आहेत. ‘बद्दल’वाले पुढच्या कडव्याकडे बोट दाखवतात: तिथे क्षमा करणाऱ्या माणसांसाठी पेरच आहे आणि ‘मार्फत’ तितके सहज बसत नाही. ठीक. पण म्हणून सगळीकडे ‘बद्दल’ कोंबायचे, तर सूर्य, वारा, पाणी यांची नुसती आभाराची यादी होते. त्याच स्तोत्रात सूर्य ‘तुझा अर्थ वाहून आणतो’ असे आहे, ते या पंडितांना दिसत नाही की काय?

माझे मत ‘मार्फत’ला, आणि का ते सांगतो. पाकिटावर पत्ता घालताना किंवा दलालाच्या संदर्भात वापरायचा म्हणून आपण हा शब्द कोरडा समजतो. पण त्याचे मूळ अरबी ‘मारिफत’, म्हणजे ओळख, जाण. सूफींच्या बोलण्यात तर थेट ईश्वराचे ज्ञान! भाषाशुद्धीच्या सोवळ्यात मार्फतला हाकलून ‘द्वारे’ बसवणाऱ्यांनी कारकुनी शब्द म्हणून नेमका हाच बाहेर काढला. त्याहून मजा म्हणजे ‘तारीफ’ही त्याच अरबी धातूचा. मूळ अर्थ ओळख करून देणे, मग वाखाणणे. म्हणजे फ्रान्सिसची ओळ ‘प्रभो, बहीण चंद्रामार्फत तुझी तारीफ असो’ अशी मराठीत आणली, तर स्तुती आणि तिची वाट हे दोन्ही शब्द एकाच ओळखीतून निघतात. हा योग इटालियनमध्येही नाही. चर्चमध्ये ‘तारीफ’ जरा मैफिलीतली वाटेल, हे मान्य. पण मी काही मिस्सा (चर्चमधली उपासना) लिहायला बसलेलो नाही.

हां, ‘दर्शन’ राहिलेच. चालते. मराठी बायबलात परमेश्वर अब्राहामाला दर्शनच देतो.