लाइट बिअर साध्या बिअरपेक्षा कितपत कमी चढते?

फारशी कमी नाही. साध्या बिअरमध्ये साधारण ५ टक्के अल्कोहोल असतं, लाइटमध्ये ४.२ च्या आसपास. ३३० मिलीच्या बाटलीत हे अनुक्रमे १६.५ आणि १४ मिली भरतं. म्हणजे सहा लाइट प्यायलात की पाच साध्या पोटात गेल्याच. ‘लाइट’ हा शब्द बहुधा कॅलरीपुरता असतो. यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनचे (धान्याच्या स्टार्चमधून उरलेल्या साखरेच्या साखळ्यांचे) एन्झाइमने तुकडे करून तेही आंबवतात, मग पाणी घालून तीव्रता खाली आणतात. चव पातळ लागते ती त्यामुळेच, आणि माणूस फसतो तोही तिथेच. मात्र काही देशांत लाइट म्हणजे खरोखरच ३ टक्क्यांच्या आसपासची, तेव्हा लेबलवरचा आकडा बघा. तो आकारमानाऐवजी वजनानुसार दिला असेल तर सव्वापट करा: ३.२ चे ४ होतात.